चव्हाटा गल्लीत कुत्री किती

सोनम कुरणेनं गणपतराव इंगवल्यांच्या दाराची कडी वाजवली तेव्हा आतून कुत्रं भुंकलं. चांगलं दणदणीत, दोनदा. मग कुणीतरी त्याला दटावलं, पितळेचं काहीतरी पडलं आणि गणपतराव स्वतः दारात येऊन उभे राहिले. साठी ओलांडलेले, मिशा अजून काळ्या, चव्हाटा गल्लीच्या तालमीचे अध्यक्ष. दारात ते असे उभे राहिले की मागचं काही दिसू नये.

"घरात पाळलेलं कुत्रं आहे का, काका?" सोनमनं हातातला टॅब सावरत विचारलं.

"न्हाय."

"आत्ता भुंकलं."

"टीव्ही हाय."

सोनमनं मान डोलावली आणि शून्य भरलं. तिला तसंच सांगितलं होतं. पुण्याची एक संस्था देशातली पाळीव कुत्री मोजत होती. किती, कुठल्या जातीची, काय खातात, कुठून आणली. सगळा देश दारोदार फिरून मोजणं शक्य नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काही गल्ल्या निवडल्या होत्या. कोल्हापुरात कसबा बावड्यातली चव्हाटा गल्ली निघाली होती. वीस घरं. यातलं एकेक घर देशातल्या चौदा हजार घरांच्या वतीनं बोलणार होतं. प्रत्यक्ष पाहिलेलं कुत्रं लिहायचं नाही, घरातल्या माणसानं 'आमचं आहे' असं तोंडानं सांगितलं पाहिजे, हा नियम. सोनमनं संख्याशास्त्रात एमएस्सी केलं होतं आणि हे तिचं पहिलं काम होतं. तिचे वडील प्रसेनजीत शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते. ते सकाळी डबा भरताना म्हणाले होते, "लोकं घरातली माणसं खरी सांगत न्हाईत, कुत्री सांगतील व्हय?"

गणपतरावांनी दार लावल्याबरोबर टीव्ही पुन्हा भुंकला.

पुढचं घर श्यामलाताई हुपरीकरांचं. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, अतिशय टापटीप. त्यांच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी निळी पाटी होती.

"ती पाटी घराबरोबरच आली," श्यामलाताई म्हणाल्या. "आधीच्या मालकांची."

त्यांनी सोनमला आत बसवून सरबत दिलं. सोनम सोफ्यावरून उठली तेव्हा तिच्या काळ्या सलवारीला तांबूस केस चिकटले होते. तिनं ते पाहिले. श्यामलाताईंनीही पाहिले.

"माझे आहेत," श्यामलाताई म्हणाल्या. त्यांचे केस पूर्ण पांढरे होते.

गल्लीच्या टोकाला सरुबाई राहायची. तिच्या उंबऱ्यावर एक तांबूस, काळ्या तोंडाचं, डाव्या कानाचा तुकडा गेलेलं कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. सोनमला ते ओलांडून आत जावं लागलं.

"आजी, कुत्रं आहे ना घरात?"

"न्हाय बा."

"हे?"

"हे बाळ्या हाय."

"बाळ्या म्हणजे कुत्रंच ना?"

"बाळ्या म्हंजी बाळ्या," सरुबाई लसूण सोलत म्हणाली. "आन कुत्रं असतं तर काय इचारणार हुतीस?"

सोनमनं प्रश्नावली वर सरकवली. "वय, खाणं, लस. आणि जात."

सरुबाईनं लसूण खाली ठेवला. "कुत्र्याला बी जात इचारायला लागला व्हय तुमी लोकं?"

सोनमला हसू आलं. हा शब्द प्रशिक्षणातच तिच्या कानाला खटकला होता. आडनाव सांगून झाल्यावर पुढचा प्रश्न कुठला येतो, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. "मी ब्रीड म्हणते," ती म्हणाली.

"म्हण की. पर न्हाय आमच्यात कुत्रं."

दुपारी तीनपर्यंत वीस घरं झाली. कुत्री शून्य. अठरा घरांत टीव्ही चालू होता.

कारण तिला चहाच्या टपरीवर कळलं. महिन्यापूर्वी पलीकडच्या वस्तीत गाडी आली होती. मोकाट कुत्री उचलून, नसबंदी करून, पुन्हा आणून सोडली होती. गणपतरावांनी त्यावर तालमीत सभा घेतली. नोंद झाली की गाडी येणार, असं त्यांचं म्हणणं. "आपल्या गल्लीची कुत्री ही मर्द कुत्री हाईत," असं ते त्या सभेत म्हणाले होते आणि टाळ्या पडल्या होत्या. कुणी मोजायला आलं तर एकानंही हो म्हणायचं नाही, असं ठरलं होतं.

सोनमनं पुण्याला फोन लावला. तिकडं अभिराम साने नावाचा तिचा वरिष्ठ होता, तिच्याहून चारपाच वर्षांनी मोठा.

"शून्य चालेल," अभिराम म्हणाला, "पण खरं शून्य हवं. हे लिहिलं तर देशातल्या दोन लाख ऐंशी हजार घरांत एकही कुत्रं उरणार नाही."

"ते सांगतच नाहीत, सर. मी समजावलं की आमचा नि गाडीचा संबंध नाही."

"पुन्हा जा. नीट बोला."

सोनम नीटच बोलली. संध्याकाळी पाच वाजता ती परत गेली तेव्हा गणपतराव तालमीच्या कट्ट्यावर बसले होते आणि शेजारी त्यांचा पुतण्या अमरसिंह मोबाइल बघत होता. सोनमनं टॅब पिशवीत टाकला, निरोप घेतल्यासारखा हात जोडला.

"चालले काका. झालं काम. शून्य तर शून्य."

"बसा की पावणं. च्या घ्या."

"नको, उशीर होईल. खालच्या गल्लीचंही भरायचंय."

खालची गल्ली म्हणजे पाणोठा गल्ली. या दोन गल्ल्यांत गणपती कुणाचा उंच, मिरवणूक कुणाची मोठी आणि फुटबॉलचा सामना कुणी मारला, यावरून तीन पिढ्यांचं वैर चाललं होतं. हे कोल्हापुरात जन्मलेल्या सोनमला कुणी सांगायची गरज नव्हती.

"खाली बी मोजताय व्हय?" गणपतरावांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"हो. सतरा निघाली आत्तापर्यंत." सोनमच्या तोंडून ते इतकं सहज गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं. "त्यात एक डॉबरमन. ते म्हणत होते, चव्हाटा गल्लीला कुत्रं पाळणं झेपत नाही."

पाणोठा गल्ली तिच्या यादीत नव्हतीच.

अमरसिंहानं मोबाइल खिशात घातला. सोनम वळून दहा पावलं गेली असेल, तेवढ्यात मागून हाक आली.

"ओ बाई, ते मशीन काढा जरा बाहेर."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चव्हाटा गल्लीत चौतीस कुत्री झाली. अमरसिंहाकडं चार. त्यातली दोन सासुरवाडीला कागलला होती, पण "मनानं आमचीच" असं त्याचं म्हणणं. एका घरानं राधानगरीच्या मळ्यावरची तीन सांगितली. एका म्हाताऱ्यानं पाच वर्षांपूर्वी वारलेला टिपू लिहायला लावला. तो गेलाय असं सोनमनं म्हटल्यावर तो म्हणाला, "आमच्यासाठी हाय."

गणपतरावांनी शंभू लिहायला लावला. जर्मन शेफर्ड, असली. पत्रिका नव्हती, पण चाल बघितली की कळतं. खाणं: बुधवारी आणि रविवारी मटणाचा रस्सा. डावा कान फाटलेला. राधानगरीच्या रानात रानडुकराशी झुंज झाली होती त्यात गेला, आणि डुकराचं काय झालं ते विचारू नका.

"नसबंदी?" सोनमनं विचारलं.

"आमच्या घरात त्ये नाव काढू नगा," गणपतराव म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्येच्या पिल्लांसाठी तिघं थांबल्याती. कागलच्या व्याह्यांना तर शब्द दिलाय."

श्यामलाताईंकडं ब्रूनो निघाला. त्यांना काल खोटं बोलल्याची लाज वाटत होती, म्हणून त्यांनी आज दुप्पट खरं सांगितलं. लॅब्राडॉरकडं झुकणारा, तांबूस, स्वभावानं ऋषी. शुद्ध शाकाहारी, अंड्यालाही तोंड लावत नाही. दहीभात आवडीचा. "आणि आठवड्यातून दोन दिवस स्वतःहून उपवास करतो," त्या हळूच म्हणाल्या. "ताटली पुढं ठेवली तरी तोंड फिरवतो. मी आमच्या भजनी मंडळात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना." एवढं भरेपर्यंत टॅबची बॅटरी संपली. उरलेले प्रश्न पुढं ढकलले.

सरुबाईनं फक्त एवढंच सांगितलं, "बाळ्या लिव्हायचा तर लिव्ह."

अभिरामनं आकडा पाहिला आणि फोन केला. "काल शून्य, आज चौतीस. सोनम, तिथं काय चाललंय?"

"लोकांनी मनावर घेतलंय, सर."

"प्रत्येक कुत्र्याचा फोटो घ्या. घरच्या माणसाबरोबर."

म्हणून रविवारी सकाळी नऊ वाजता सगळी गल्ली तालमीसमोर जमली. कुत्र्यांना आंघोळी घातल्या होत्या. कुणी गळ्यात भगवा रुमाल बांधला होता, कुणी लग्नातली शाल पाठीवर टाकली होती. अमरसिंहानं कागलहून आणलेली दोन कुत्री त्याला ओळखत नव्हती. त्यातलं एक त्याला साखळीसकट ओढत एसटी स्टँडच्या दिशेनं घेऊन गेलं आणि अर्ध्या तासानं तो एकटाच परत आला. मळ्यावरच्या तिन्ही कुत्र्यांनी तालमीच्या दारातल्या बादलीवरून भांडण काढलं आणि ती बादली तिघांपैकी कुणालाच मिळाली नाही. टिपूचा म्हातारा चौकटीतला फोटो छातीशी धरून रांगेत शांत उभा होता.

मग गणपतराव आले. पांढरा फेटा, हातात नवी कोरी साखळी, साखळीला तांबूस कुत्रं.

"शंभू, बस," ते म्हणाले.

"ब्रूनो?" श्यामलाताई रांगेतून म्हणाल्या.

कुत्र्यानं शेपूट हलवली.

"बाळ्या, हिकडं कुठं रं?" सरुबाई मागून म्हणाली.

कुत्र्यानं तिच्याकडं बघूनही शेपूट हलवली. सोनमनं त्याच्या डाव्या कानाकडं पाहिलं आणि मनात गुणाकार केला. तीन घरं. चौदा त्रिक बेचाळीस. या एका कुत्र्याची देशात बेचाळीस हजार कुत्री झाली होती, आणि त्यातली चौदा हजार उपवास करत होती.

"श्यामलाबाई, ह्यो आमचा शंभू हाय," गणपतराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुमचा ह्येच्यासारखा असंल."

"मी त्याला रोज सकाळी भरवते, गणपतराव. मला कळणार नाही?"

"सकाळी त्यो मोकळा फिराय जातोय. दुपारी घरी असतोय."

"दुपारीच तर माझ्याकडं नसतो तो."

"आन तिनीसांजंला माझ्या हितं," सरुबाई म्हणाली. "दूधभाकरी खाऊन जातंय. मला वाटलं रातीला राखणीला जात असंल कुठं."

गल्ली आता गोल करून उभी होती. सोनमनं टॅब उघडला, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना. "आपण एकेक प्रश्न विचारू," ती म्हणाली. "खाणं. काका?"

"बुधवार, रविवार मटण. बाकी दिवशी जे असंल ते."

श्यामलाताईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "बुधवार आणि रविवार?" त्या म्हणाल्या. "त्याचे उपवासाचे दिवस तेच."

कुणीतरी खोकलं. श्यामलाताई कुत्र्याकडं बघत राहिल्या आणि कुत्रं जमिनीकडं.

"लस?" सोनमनं घाईनं विचारलं. तिघांकडंही कार्ड होतं. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांचे शिक्के. रेबीजचं इंजेक्शन त्याला या वर्षात तीनदा बसलं होतं आणि त्यानं तिन्ही वेळा तक्रार केली नव्हती.

राहिलेला प्रश्न सोनमला वगळायचा होता. पण श्यामलाताई शिक्षिका होत्या आणि अर्धवट भरलेला तक्ता त्यांना बघवत नव्हता. "नसबंदीचं राहिलंय तुमचं," त्या म्हणाल्या. "लिहा, झाली आहे. दोन वर्षांपूर्वी मीच शिबिरात नेलं होतं. तिथं खूण म्हणून कानाचा तुकडा काढतात. हा बघा डावा."

तालमीसमोर एवढी शांतता झाली की मळ्यावरची तिन्ही कुत्रीसुद्धा थांबली.

गणपतरावांनी कानाकडं बघितलं. मग दुसरीकडं, म्हणजे जिथं बघायचं तिथं, वाकून बघितलं. दोन वर्षांत त्यांना ते बघायची गरज कधी वाटली नव्हती. ते सरळ झाले तेव्हा फेटा थोडा तिरका झाला होता.

"काका," अमरसिंह हळूच म्हणाला, "कागलच्या व्याह्यांना काय सांगायचं?"

गणपतरावांनी मिशी चाचपली.

"सांग," ते म्हणाले, "तालमीतलं कुत्रं हाय. ब्रह्मचर्य पाळतंय."

पहिल्यांदा सरुबाई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग श्यामलाताईंना आवरेना, आणि मग सगळी गल्लीच हसायला लागली. या गडबडीत साखळी गणपतरावांच्या हातून सुटली. कुत्र्याला एव्हाना कंटाळा आला होता. ते उठलं, अंग झटकलं आणि साखळी फरफटत उताराला लागलं.

"जातंय कुठं?" गणपतराव म्हणाले आणि मागं निघाले. त्यांच्यामागं श्यामलाताई, मागं सरुबाई, मागं सोनम आणि मागं उरलेली गल्ली, आपापल्या कुत्र्यांसकट. ते कुत्रं कुठंही न घुटमळता पाणोठा गल्लीत शिरलं, तिसऱ्या घराच्या पायऱ्या चढलं आणि पुढच्या पायानं दार खरवडलं.

दार एका मुलीनं उघडलं. प्रियदर्शनी तिचं नाव, दवाखान्यात नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आली असावी. "आलास का सुलतान," ती म्हणाली, आणि मग तिला दारात उभी चाळीस माणसं आणि वीसेक कुत्री दिसली. "काय झालं? काही केलं का यानं?"

"न्हाय, मोजतूया," गणपतराव म्हणाले. "तुमच्यात लिवून घेतला का सुलतान? त्या सतरांत?"

"कुठल्या सतरांत?"

"कुत्री मोजायला ह्या बाई आल्या हुत्या की तुमच्यात."

"आमच्यात कोणी आलेलं नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "आमच्या गल्लीत सतरा कुठली, चार असतील जेमतेम."

सगळ्यांच्या माना सोनमकडं वळल्या. तिला वाटलं, आता पाठीमागचा रस्ता मोकळा असता तर बरं झालं असतं. तो मोकळा नव्हता.

"मी खोटं बोलले, काका," ती म्हणाली. "तुम्ही शून्य सांगितलं म्हणून. ही गल्ली माझ्या यादीतच नाही. डॉबरमनही नाही."

गणपतरावांनी फेटा काढला, हातात धरला आणि तिच्याकडं रोखून पाहिलं. ते रागावले आहेत की काय, ते त्यांनाही लगेच ठरवता येत नव्हतं. पाणोठा गल्लीची दोनचार माणसंही आता दारांत येऊन उभी होती, आणि त्यांच्यासमोर रागावणं म्हणजे काय घडलं ते सगळं त्यांना सांगणं.

"नाव काय म्हणालीस तुजं?"

"सोनम कुरणे."

"माझं भुकणारं कुत्रं म्या टीव्हीत घातलं," गणपतराव म्हणाले. "तू नसलेली सतरा काढलीस. डोकं हाय तुला. चल वर, आता खरं लिवू."

तालमीच्या कट्ट्यावर बसून गल्लीनं खरं सांगायला दीड तास घेतला. टिपू वगळताना म्हाताऱ्याशी सोनम स्वतः बोलली. तिनं टिपूची जात, वय, आवडीनिवडी सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं, मग तो टिपूला यादीतून काढायला तयार झाला. वीस घरांत अकरा कुत्री निघाली. सात गावठी, दोन पामेरियन, एक डोळे आलेला पग, आणि तो.

तो कुणाच्या नावावर घालायचा, यावर कुणी भांडलं नाही, हेच विशेष. गणपतराव म्हणाले, "श्यामलाबाईंच्या घाला, कागदपत्रं त्येंच्याकडं हाईत." श्यामलाताई म्हणाल्या, "नको, माझ्याकडं तो उपाशी असायचा असं दिसेल." दोघांनी सरुबाईकडं पाहिलं.

"मी काय म्हंतो," सरुबाई म्हणाली, "त्येला इचारलं का कुणी?"

त्याला विचारण्यासारखी परिस्थिती नव्हती. तो प्रियदर्शनीकडं चपाती खात होता. शेवटी सोनमनं सरुबाईचंच नाव घातलं, आणि जातीच्या चौकटीत काय लिहू म्हणून तिच्याकडं पाहिलं.

"मोकळं सोड," सरुबाई म्हणाली. "बरं दिसतंय मोकळं."

प्रश्नावली मोकळी चौकट घेत नव्हती. सोनमनं 'सांगितली नाही' हा पर्याय दाबला.

तक्त्याच्या शेवटी शेऱ्यासाठी जागा होती, आणि तिथं बहुतेक लोक 'काही नाही' लिहितात. सोनमनं सगळं लिहिलं. पहिल्या दिवशी गल्ली खोटं बोलली, त्याच संध्याकाळी मी खोटं बोलले, शेवटी रविवारी मोजलं. खाली आपलं नाव घातलं आणि पाठवून दिलं. घरी जाताना तिला खात्री होती की नोकरी गेली.

अभिरामचा फोन गुरुवारी आला.

"तुमचा शेरा वरपर्यंत गेला," तो म्हणाला. "ही गल्ली आकड्यांतून काढून टाकावी, असं त्यांचं म्हणणं होतं."

"बरोबर आहे, सर."

"मी त्यांना म्हटलं, काढा. पण मग बाकीच्या गल्ल्यांचं काय करायचं? तिथं शेऱ्यात काही लिहिलेलं नाही, एवढाच फरक आहे."

फोनमध्ये अभिरामच्या टंकण्याचा आवाज येत होता.

"अकरा ठेवलीत," तो म्हणाला. "सोमवारी हातकणंगल्याकडं जायचंय तुम्हाला. आणि सोनम, या वेळी आधी खरं बोलून बघा. नाहीच जमलं तर मला फोन करा, मग बघू."